तपकिरी पाटी

खात्याचं पत्र आलं: पाटी तीन बाय दोन,
तपकिरी जमीन, पांढरं अक्षर,
वर बाण, मधे नाव, खाली साल.
एकूण अकरा चर्चं,
भुसावळपासून नवापूरच्या पुढे, डोंगर लागेपर्यंत.
रंग माझा, शिडी माझी, डिझेल त्यांचं.

मी सुपडू पेंटर.
शाळा रंगवल्या, ट्रकमागचे वाघ रंगवले,
एका उमेदवाराच्या नावातला ऱ्हस्व दीर्घ केला
आणि पैसे बुडाले ते बुडालेच.
येशूचं काम पहिलंच.

भुसावळला, रेल्वेच्या वस्तीत,
आत माठासारखं थंड, बाहेर सेहेचाळीस.
बाकांच्या कडेला पितळी आकडे, साहेबांच्या टोप्यांसाठी.
"टोप्या गेल्या, डोकी गेली," ऑगस्टीन म्हणाला,
"आकडे मी दर शनिवारी चिंचेनं घासतो."
बाप त्याचा फायरमन होता,
फावडं अजून घरात आहे, दाराला टेकण म्हणून.
मालगाडी गेली
तशी खिडकीतली निळी काच थरथरली
आणि काचेतल्या संताचा हात हलला.
"दिवसातून शंभरदा आशीर्वाद देतो बिचारा.
रात्रीचे मी मोजत नाही."

मग तापी ओलांडून, केळीच्या बागांमधून,
एक पत्र्याचं, एक विटांचं,
एक असं की पाटी त्याच्याहून मोठी दिसायला लागली.
कुलपं. किल्ली शेजारच्या गिरणीत.
"आठे कोणी शे का?" मी हाक मारायचो,
आणि बहुतेक ठिकाणी कबुतरं शे.

एका आवारात निंबाखाली
तीन थडगी, वीतभर लांबीची.
मराठीतलं एक मला वाचता आलं:
चैत्रात जन्मलं, वैशाखात गेलं.
बाकीची दोन इंग्रजी, आणि एकावर
'एन' उलटा कोरलेला.
मी बराच वेळ तिथेच उकिडवा बसलो.
लिपी येत नसताना,
कागदावरच्या रेघा बघून दगडात उतरवणारा
तो कोण पाथरवट, त्याचे पैसे बुडाले का?
की त्या आईनं
तो 'एन' पाहिलाच नाही?

अकरावं आमळीपाड्याला.
सागाचे खांब, कुडाच्या भिंती, शेणाची जमीन,
मनोरा नाही.
बाहेर मोहाच्या फांदीला तारेनं टांगलेला
हातभर रुळाचा तुकडा. तीच घंटा.
पाळक सामुएल गावित तालुक्याला गेलेले.
मोगीबाई वळवी ओसरीवर तूर निवडत होती.

"साल सांग, मावशी. पाटीवर टाकायचंय."
तिनं सूप थांबवलं नाही.
"माझ्या आज्यानं बोल केला तेव्हाचं."
मी रुळाचा गंज खरवडला,
पोटावर कारखान्याचं नाव, पुढे चार आकडे.
"हे बघ, मिळालं!"
"ते लोखंडाचं," ती म्हणाली.
"लोखंड आम्ही नंतर आणलं.
आधी आज्या नुसता ओरडायचा."

मग बाणाकडे बोट करून,
"हा कुठे जातो?"
"इकडेच. तुझ्याच देवळाकडे."
"रस्ता एकच आहे ना पण."
"बाहेरच्यांसाठी, मावशी. लोक बघायला येतील."
तिनं जरा विचार केला.
"त्यांना रविवारी यायला सांग.
बाकीच्या दिवशी आत कांदे असतात."

आत डोकावलो. खरंच होते,
लाकडी क्रूसाच्या पायापर्यंत.
वास असा, की डोळे भरून आले,
आणि मी तो दोष कांद्यांवरच ठेवला.

साल लिहिलं नाही.
त्या जागेवर बारीक ब्रशनं, पांढऱ्यात,
'रविवारी या' एवढंच.
ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले.

खात्यानं बिलातून साडेतीनशे कापले.
शेरा: मजकूर मंजुरीबाहेरचा.
ऑगस्टीनला सांगितलं तर हसला,
आणि मला आत बोलावून
एका आकड्याला माझी टोपी अडकवली.